मैलापाण्यासाठी ॲनएरोबिक मेंब्रेन परवडतं का? नाशिकच्या आकड्यांवर हिशेब मांडायची रीत

ॲनएरोबिक मेंब्रेन, म्हणजे हवेशिवाय जिवाणूंकडून मैला पचवून पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं तंत्र, विकायला येणारा माणूस चार गोष्टी सांगतो. हवा फुंकायची वीज वाचते, वर गॅस मिळतो, गाळ कमी होतो आणि बाहेर पडणारं पाणी गाळणीतून आल्यासारखं नितळ असतं. चारही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही मनपाच्या एसटीपीसाठी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रासाठी) हे तंत्र बहुतेक वेळा हिशेबात बसत नाही. त्याचं कारण एका वाक्यात मावतं: मेंब्रेनचा खर्च पाण्याच्या लिटरवर बसतो, गॅस मात्र घाणीच्या किलोवर मिळतो. पाणी भरपूर आणि घाण पातळ असेल, तर पहिलं बिल मोठं येतं आणि दुसरी कमाई किरकोळ राहते.

त्यामुळे हा निर्णय प्रेझेंटेशन बघून घेऊ नये, कागद-पेन घेऊन बसावं. पुढची रीत मनपाच्या किंवा सिन्नर, इगतपुरीसारख्या नगरपरिषदेच्या अभियंत्याला, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) तपासणाऱ्या सल्लागाराला आणि मोठ्या टाउनशिपच्या समितीला वापरता येईल. सगळा हिशेब १ एमएलडीचा आहे, म्हणजे दिवसाला १,००० किलोलिटरचा. वीज ८ रुपये युनिट, मेंब्रेन ५,००० रुपये चौरस मीटर, व्याज ८ टक्के आणि मेंब्रेनचं आयुष्य ८ वर्षं हे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या बिलातले आणि कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला. रीत बदलत नाही.

आधी यंत्रणा थोडक्यात. बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैल्यातला सेंद्रिय भाग खाऊन मिथेन सोडतात. नाशिकला हे नवीन नाही. नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली यूएएसबी पद्धत, म्हणजे गाळाच्या थरातून मैलापाणी खालून वर सोडायची रीत, कानपूरच्या जाजमऊला ५ एमएलडीच्या प्रात्यक्षिक केंद्रातून भारतात रुजली. आपली तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक ही केंद्रंही त्याच घराण्यातली. यूएएसबीत गाळ आपल्या वजनाने खाली राहतो, पण बारीक कण आणि जिवाणू पाण्याबरोबर निसटतात. मेंब्रेन बसवलं की त्यांची वाट बंद होते. बाकी रसायनशास्त्र तेच.

पायरी १: पाणी मोजा, आणि नीट मोजा

बहुतेक डीपीआरमध्ये सीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाचा, एकच आकडा असतो आणि तो कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. सकाळी आठला इनलेट चेंबरमधून बाटली भरली तर पाणी घट्ट लागतं, दुपारी तीनला भरली तर पातळ. २४ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र केलेला नमुना घ्या. तो उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि जानेवारीत असा तिन्ही वेळा घ्या. पावसाळी गटार आणि भुयारी गटार जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे जुलै-ऑगस्टचा सीओडी निम्म्यावर येऊ शकतो.

सीओडीसोबत तीन गोष्टी हमखास तपासा: सल्फेट, अमोनिया आणि पाण्याचं तापमान. सल्फेटचा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात. १ किलो सल्फेटमागे सुमारे ०.६७ किलो सीओडी जातो आणि बदल्यात इंजिन खाणारा हायड्रोजन सल्फाइड मिळतो. बोअरचं पाणी जास्त वापरणाऱ्या वस्तीत हा आकडा वर असू शकतो. तापमान जानेवारीत पहाटे सहाला मोजा. निफाडला पारा एक आकडी उतरतो तेव्हाही गटारातलं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं, पण २० अंशांच्या खाली गेलं तर जिवाणूंची भूक मंदावते.

पायरी २: गॅसचा हिशेब वजाबाकीने करा

१ किलो सीओडी पूर्ण मिथेनमध्ये बदलला तर ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. विक्रेते इथेच थांबतात. आपण वजाबाकी करू.

समजा सीओडी लिटरला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १ एमएलडीला ४०० किलो. बाहेर जाणाऱ्या पाण्यात ४० किलो उरले. सल्फेट लिटरला ५० मिलिग्रॅम असेल तर ३३ किलो तिकडे गेले. नव्या गाळात ४० किलो. शिवाय पाण्यात विरघळलेला मिथेन पाण्याबरोबरच निघून जातो. २५ अंशांच्या आसपास, गॅसमध्ये ७० टक्के मिथेन असताना, लिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम मिथेन विरघळलेला असतो. सीओडीच्या भाषेत ते ६० किलो झाले. उरले २२७ किलो, त्याचा मिथेन ७९ घनमीटर. घनमीटरमध्ये सुमारे १० युनिट उष्णता आणि इंजिनची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर रोज २७८ युनिट वीज. किलोलिटरमागे सव्वादोन रुपये.

आता हेच गणित २५० च्या पातळ पाण्यावर करा. बाहेरच्या पाण्यात ३०, गाळात २५, सल्फेटचे ३३ आणि विरघळलेल्याचे ६० तसेच. उरतात १०२ किलो. वीज १२५ युनिट, किलोलिटरमागे एक रुपया. आणि १,००० सीओडीच्या घट्ट पाण्यावर? ७५७ किलो उरतात, ९२० च्या वर युनिट, जवळजवळ साडेसात रुपये. सीओडी चौपट झाला तेव्हा गॅस सातपटीहून जास्त वाढला, कारण विरघळणारा मिथेन आणि सल्फेट हे दोघे घाण किती आहे ते विचारत नाहीत, पाणी किती आहे तेवढंच बघतात. म्हणून गळक्या चेंबरमधून गटारात शिरणारं नाल्याचं पाणी बंद करणं हाही गॅस वाढवायचाच उपाय आहे. त्यावर कुणी प्रेझेंटेशन देत नाही, एवढंच.

पायरी ३: विरघळलेल्या मिथेनचं काय करणार, ते लेखी घ्या

पर्यावरणाच्या नावाने निधी मागत असाल तर ही पायरी टाळू नका. ४०० सीओडीच्या उदाहरणात दिवसाला १५ किलो मिथेन पाण्यातून निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, म्हणजे ४२० किलो. २७८ युनिट वीज तयार करून आपण वाचवले, ग्रीडचे युनिटला ०.७ किलो धरून, १९५ किलो. म्हणजे गॅसची वीज करूनही हवामानाच्या खात्यात आपण तोट्यात.

उपाय आहेत. डीगॅसिंग मेंब्रेनने तो मिथेन ओढून काढता येतो, पण खर्च वाढतो. मला जास्त पटतो तो स्पंजचा उपाय. हरियाणात कर्नालला यूएएसबीनंतर डीएचएस, म्हणजे लोंबकळत्या स्पंजवरून पाणी खाली सोडायची पद्धत, वापरून पाहिली गेली. स्पंजवरचे जिवाणू ब्लोअरशिवाय बराचसा मिथेन आणि काही अमोनियाही खातात. मिथेनची वीज मिळत नाही, पण तो हवेत जात नाही.

पायरी ४: मेंब्रेनचे चौरस मीटर

खरा पैसा इथे आहे. फ्लक्स म्हणजे एका चौरस मीटरमधून तासाला किती लिटर पाणी निघतं. हवेवर चालणाऱ्या एमबीआरमध्ये (मेंब्रेन बायोरिॲक्टरमध्ये) हा आकडा साधारण १५ ते २५ असतो. ॲनएरोबिकमध्ये, शहरी मैलापाण्यावर, ६ ते १२. कारण या टाकीतल्या पाण्यात बारीक चिकट कण जास्त असतात आणि ते छिद्रांत जाऊन बसतात.

१ एमएलडी म्हणजे तासाला ४१,६६७ लिटर. फ्लक्स १० धरला तर ४,१६७ चौरस मीटर लागले, किंमत दोन कोटी आठ लाख. ८ वर्षं आणि ८ टक्के व्याजाने वर्षाचा हप्ता ३६ लाखांच्या आसपास, किलोलिटरमागे जवळजवळ १० रुपये. गॅसचे सव्वादोन रुपये या दहापुढे ठेवून बघा. फ्लक्स १५ मिळाला तर १० चे ६ रुपये ६० पैसे होतात. मेंब्रेन ८ ऐवजी ५ वर्षांतच बदलावं लागलं तर १४ च्या वर जातात. फ्लक्स आणि आयुष्य यांपुढे या तंत्राच्या अर्थकारणातलं बाकी सगळं चिल्लर आहे.

कोटेशनमधला फ्लक्स कोणता, ते विचारा. नऊ मिनिटं गाळायचं आणि एक मिनिट विश्रांती, आठवड्याला एक धुणं, वर्षातून एक-दोनदा मोठी धुलाई. हे सगळं वजा करून उरतो तो निव्वळ फ्लक्स. कोटेशनमध्ये बहुधा ढोबळ फ्लक्स असतो.

फ्लक्स टिकतोय की नाही ते साइटवर एका काट्यावर दिसतं. मेंब्रेनमधून पाणी ओढणाऱ्या पंपाच्या सक्शनला एक व्हॅक्यूम गेज असतो. मेंब्रेन ताजं असताना काटा १० किलोपास्कलच्या आसपास रेंगाळतो. हळूहळू चढतो, विश्रांतीच्या मिनिटाला थोडा उतरतो. रोज उतरताना तो आदल्या दिवसाइतका खाली येत नसेल, तर छिद्रं बसायला लागली. काटा तिशी ओलांडू लागला की ऑपरेटर पंपाचा वेग कमी करतो आणि लॉगबुकात मात्र प्रवाह तोच लिहितो. म्हणून पायलटच्या (छोट्या चाचणी संयंत्राच्या) करारात गेज आणि प्रवाह या दोन्हींची नोंद यंत्राने व्हावी, हाताने नव्हे.

चाळणीवर कंजुषी करू नका. पोकळ धाग्यांच्या मेंब्रेनपुढे १ ते २ मिलिमीटरची चाळणी लागते. केस, कापसाच्या वाती, फडक्यांचे धागे, सगळं आत येतं आणि मेंब्रेनच्या धाग्यांना वेण्या पडतात. पंचवटीसारख्या भागातून येणाऱ्या गटाराला चाळणीचा एक जादा संच धराच.

पायरी ५: सकाळची गर्दी, पाऊस आणि सिंहस्थ

मेंब्रेनला वरची मर्यादा असते. एसबीआरमध्ये, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन आणि गाळ बसू देऊन शुद्ध करायच्या पद्धतीत, जास्त पाणी शिरलं तर शुद्धीकरण थोडं घसरतं. मेंब्रेनमध्ये जास्त पाणी शिरतच नाही, ते ओव्हरफ्लो होतं. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या तांत्रिक संस्थेच्या मॅन्युअलप्रमाणे ५० हजार ते साडेसात लाख लोकवस्तीला शिखर प्रवाह सरासरीच्या २.२५ पट धरतात. सरासरीला १० चा फ्लक्स म्हणजे शिखराला २२, जो मिळणार नाही. मग एक तर मेंब्रेन दुप्पट घ्या किंवा सात-आठ तासांची समतोल टाकी बांधा, १ एमएलडीला सुमारे ३०० किलोलिटरची. टाकी स्वस्त पडते. तिची जागा डीपीआरमध्ये आधीच दाखवा, नंतर ती कुणाच्या तरी गार्डनमध्ये शोधावी लागते.

२०२७ च्या सिंहस्थाचा प्रवाह मेंब्रेनवर टाकायचा विचारही नको. बारा वर्षांतून काही आठवडे लागणाऱ्या क्षमतेसाठी आठ वर्षांत कुजणारी वस्तू विकत घेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीसाठी घर बांधणं. तेवढ्यापुरती वेगळी व्यवस्था करावी.

पायरी ६: अमोनिया आणि गिऱ्हाईक, दोन्ही एकदमच ठरवा

ॲनएरोबिक जिवाणू नायट्रोजन काढत नाहीत. उलट सेंद्रिय नायट्रोजनचा अमोनिया करून ठेवतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी (जिवाणूंना पचणाऱ्या घाणीचं माप) १०, सीओडी ५०, एकूण नायट्रोजन १० मिलिग्रॅम असे निकष आहेत. बीओडी आणि जिवाणूंच्या निकषात मेंब्रेन चांगलं उतरतं, नायट्रोजनच्या निकषात सपशेल नापास होतं. लिटरमागे ४० मिलिग्रॅम अमोनियाचं नायट्रेट करायला १ एमएलडीला १८३ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे १२० च्या आसपास युनिट, किलोलिटरमागे रुपयाभर. तिथपर्यंत ठीक. पण नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायला पुन्हा सेंद्रिय कार्बन लागतो, किलो नायट्रोजनला चार-पाच किलो सीओडी, आणि तो तर आपण गॅस करून खाऊन बसलो. त्यासाठी तिसरा हिस्सा कच्चं मैलापाणी वळवलं तर गॅसचाही तिसरा हिस्सा गेला.

गोदावरीत सोडायचं असेल तर हा प्रश्न कागदी नाही. नदीतल्या पानवेली याच नायट्रोजनवर पोसतात, आणि खाली नांदूरमधमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेली राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा. माझं मत सरळ आहे: पाणी नदीत सोडायचं असेल तर ॲनएरोबिक मेंब्रेनचा विषय इथेच मिटवावा.

शेतीला दिलं तर तोच अमोनिया खत होतो. ४० किलो नायट्रोजन म्हणजे ८७ किलो युरिया, दोन गोण्यांना थोडा कमी. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे किलोलिटरमागे जेमतेम ५० पैसे. अनुदानाने खत इतकं स्वस्त करून ठेवलंय की पाण्यातल्या खताला भाव नाही. आणि द्राक्षवाला ते बारा महिने घेणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नायट्रोजन चालतो; ऑक्टोबर छाटणीनंतर मण्यात पाणी उतरायच्या काळात तोच नायट्रोजन घड मऊ करतो आणि वेल नुसती पाल्यावर जाते. निर्यातीचा माल असेल तर मैलापाण्याचं नाव काढताच तो फोन ठेवतो. ऊस, चारा, रोपवाटिका, रस्त्याकडेची झाडं हे खरे गिऱ्हाईक.

उद्योग हा तिसरा पर्याय. २०१६ च्या वीजदर धोरणाप्रमाणे एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं मैलापाणी वापरणं बंधनकारक आहे. नागपूरला भांडेवाडीचं पाणी कोराडीला जातं. आपल्याकडे एकलहरे हाकेच्या अंतरावर आहे. पण कूलिंग टॉवरला अमोनिया चालत नाही, त्यात तांब्याच्या नळ्या खराब होतात. म्हणजे नायट्रिफिकेशनचा (अमोनियाचं नायट्रेट करायचा) रुपया इथेही लागणारच. क्लोरीन मारून अमोनिया घालवू असं कुणी सांगितलं तर सिलिंडरचा खर्च विचारा: किलो नायट्रोजनला आठ-दहा किलो क्लोरीन.

पायरी ७: शेजारी शेजारी मांडा

बांधकाम, माणसं, रसायनं सध्या बाजूला ठेवून फक्त मेंब्रेन, वीज आणि गाळ घेऊ. सीओडी ४००, पाणी उद्योगाला.

ॲनएरोबिक मेंब्रेन, फ्लक्स १०: मेंब्रेनचे १० रुपये, मेंब्रेनला बुडबुड्यांनी घासायला आणि पंपांना ०.३५ युनिट म्हणजे २.८०, नायट्रिफिकेशन १, वजा गॅसचे २.२०. साडेअकराच्या आसपास.

हवेवरचं एमबीआर, फ्लक्स २०: मेंब्रेन ५, वीज ०.८ युनिट म्हणजे ६.४०, जादा गाळाचे ७५ पैसे. सव्वाबारा.

इथवर विक्रेता खूश असतो, कारण तो याच दोघांची तुलना दाखवतो. तिसरा उमेदवार तो आणत नाही: एसबीआर आणि त्यामागे साधं अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे शुद्ध झालेलं पाणी शेवटी मेंब्रेनमधून गाळणं. आधीच स्वच्छ झालेल्या पाण्यावर अल्ट्राफिल्ट्रेशनचा फ्लक्स ४० सहज मिळतो, म्हणून मेंब्रेन अडीच रुपये. एसबीआर आणि पंप मिळून ०.३ युनिट म्हणजे २.४०, गाळ ७५ पैसे. बेरीज पावणेसहाच्या आत. नितळपणा जवळजवळ तोच, खर्च निम्मा.

आता सीओडी १,००० करा. अमोनियाही वाढेल, नायट्रिफिकेशनचे दोन रुपये धरा. ॲनएरोबिक मेंब्रेन: १० अधिक २.८० अधिक २ वजा ७.४०, साधारण साडेसात. एसबीआर आणि अल्ट्राफिल्ट्रेशन: वीज दुप्पट होऊन ४.८०, गाळ १.९०, मेंब्रेन २.५०, सव्वानऊ. पारडं फिरलं. तुमच्या आकड्यांवर ते नेमकं कुठे फिरतं, तो सीओडी शोधणं हेच या सगळ्या कवायतीचं फळ. माझ्या आकड्यांत ते ८५० च्या मागेपुढे येतं. आपल्या भुयारी गटारांत एवढं घट्ट पाणी सहसा नसतं.

पायरी ८: मग नाशिकमध्ये हे कुठे बसवावं?

वाइनरी, फळप्रक्रिया, डेअरी यांचं सांडपाणी पहिलं. जगात ॲनएरोबिक मेंब्रेन पूर्ण क्षमतेने चालतात ती मुख्यतः अन्न उद्योगात; अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका सॅलड ड्रेसिंगच्या कारखान्यात ते २००८ पासून आहे. शहरी मैलापाण्यावर स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया, कोरियात बुचॉन, अमेरिकेत फोर्ट रायली इथल्या प्रायोगिक संयंत्रांचा अनुभव आहे. बुचॉनला गॅसच्या बुडबुड्यांऐवजी कार्बनचे दाणे तरंगत ठेवून मेंब्रेन घासलं, त्याने वीज बरीच वाचते.

सेप्टिक टँकचा मैला आणि हॉटेलांचा ओला कचरा हे दुसरं. नाशिकला जर्मन सहकार्याने खत प्रकल्पावर ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र पचवून वीज करायचा प्रयोग झालेला आहे. असं घट्ट मिश्रण मिळत असेल तर तिथे हे तंत्र शोभतं.

तिसरं, जुन्या यूएएसबीच्या मागे मेंब्रेन. काँक्रीटच्या टाक्या, गॅस होल्डर, फ्लेअर (जादा गॅस जाळायची चिमणी) आधीच उभे आहेत, त्यामुळे भांडवल वाचतं. पण पाणी तेच पातळ. ४,००० चौरस मीटर मेंब्रेनचं बिल त्याने कमी होत नाही. इथे १ एमएलडीचा सुद्धा नको, ५० किलोलिटरचा पायलट आधी.

पायरी ९: पायलट आणि टेंडर

पायलट जानेवारीची थंडी आणि एक पूर्ण पावसाळा बघूनच थांबवा. जानेवारीत निव्वळ फ्लक्स १० च्या खाली स्थिरावला तर हवेवरच्या एमबीआरशीही बरोबरी जेमतेम होते. पुढे जाण्यात अर्थ नाही.

टेंडरमध्ये निव्वळ फ्लक्सची हमी तापमानासह लिहून घ्या. मेंब्रेन आठ वर्षांच्या आत गेलं तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात किंमत परत, अशी अट घाला. वीज मनपाने भरायची आणि गॅसचं श्रेय ठेकेदाराने घ्यायचं, ही रचना मान्य करू नका. दोन्ही एकाच खिशातून जाऊ द्या. गॅस मीटरने मोजलेला धरा, सीओडीवरून काढलेला नको. टाकीवरचे मोटर-स्विच फ्लेमप्रूफ हवेत, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. धुलाईसाठी वेगळी टाकी मागा, नाहीतर हायपोक्लोराइट मुख्य टाकीत उतरून तुमचेच जिवाणू मारेल. आणि पैसे द्यायचे ते गिऱ्हाइकाच्या मीटरमधून गेलेल्या, अमोनियाच्या निकषात बसलेल्या किलोलिटरवर द्या, इनलेटच्या प्रवाहावर नव्हे.